विमानातली अंबाडी

माझी लेक नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिला सरकारी अनुदान मिळालं, तेव्हा ते कशाचं हे गावात सांगणं मला जड गेलं. अनुदान म्हटलं की आमच्याकडे विहीर नाही तर ठिबक. हिचं अनुदान विमानासाठी होतं. विमानाच्या आतल्या भिंतींच्या फळ्या अंबाडीच्या वाखापासून, म्हणजे तिच्या सालीच्या धाग्यापासून, करायच्या. फळी हलकी, म्हणजे विमान हलकं, म्हणजे इंधन कमी जळतं आणि धूर कमी होतो. हे ऐकून एक शेजारीण म्हणाली, "म्हंजी तुझी लेक विमानाला दावं वळायली की." सगळ्या हसल्या. मीही हसले. अंबाडीचा वाख आम्हाला दाव्यापुरताच माहीत.

पहिल्या वर्षी तिने वाख विकत आणला. पुढच्या वर्षाचं अनुदान हवं असेल तर गावात पिकलेल्या वाखाचीही तशीच फळी होते हे दाखवायचं होतं. म्हणून तिने लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या रानात एका तुकड्यात अंबाडी पेरली. दाट पेरली, म्हणजे झाड फांद्या न फुटता सरळ वर जातं आणि वाख लांब निघतो. पीक बघायला अनुदान देणाऱ्यांची कमिटी येणार होती. कमिटीचं समाधान झालं नाही तर काम बंद, आणि लेकीच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरीही घरी.

आता आमच्याकडे अंबाडीचे शेंडे खुडायला कोणी कोणाला विचारत नाही. अंगणातली कोथिंबीर विचारून नेतील, पण अंबाडी नाही. खुडलं की झाड आणखी फुटतं, भाजी परत मिळते, म्हणून खुडणारीने मालकाचं भलंच केलं असं धरतात. मी डोळ्याच्या ऑपरेशनला महिनाभर लातूरला होते. तेवढ्यात माझी जाऊ खुरपणीच्या बायकांना घेऊन गेली आणि सगळ्यांनी शेंडे खुडून ओट्या भरल्या. फुटवा आल्यावर पुन्हा भरल्या. मी परत आले तर कडेची सगळी अंबाडी खराट्यासारखी फुटलेली. मधे शिरायला वाट नव्हती म्हणून मधली तेवढी सरळ राहिली.

शनिवारी लेक आली. पाहिलं आणि बांधावर बसली. फांदी फुटते तिथे वाख तुटतो, हे मलाही ठाऊक होतं. जाऊ तोंड पाडून उभी होती. म्हणाली, "भाजीच नेली गं पोरी. ही विमानाची हाय, मला काय ठावं?"

लेक तिला रागावली नाही. मला ते पटलं नाही. मी असते तर सोडलं नसतं. मी म्हणाले, कडेची कापून टाक, जावेच्या चुलीला होईल, कमिटीला मधली दाखव. जाऊ लगेच विळा आणायला निघाली. लेकीने तिला थांबवलं. मी चिडले. तुझंच अनुदान जाईल, कोणाचं काय जातंय, असं सुनावलं.

"जाऊ दे माय," ती म्हणाली. "त्या विमानात माणसं बसणार हायेत."

कमिटीत दोन पुरुष आणि एक बाई होत्या. लेकीने त्यांना आधी खुडलेल्या बाजूलाच नेलं. मी चहाची किटली घेऊन मागे होते. ती हिंदीत बोलत होती, ते मला कळलं. कुंपण का घातलं नाही, असं त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने जरा दरडावून विचारलं. ती म्हणाली, एका तुकड्याला कुंपण घालीन, पण उद्या वाख गावागावातून घ्यायचा तर बायका खुडणारच, तिथे कोण कुंपण घालणार? म्हणून मी दोन्हींच्या फळ्या करीन, दोन्ही मोडून बघीन आणि जे निघेल ते कळवीन.  मी चहा ओतून दिला.

चहा पिऊन ते गेले. निरोप यायला बरेच दिवस लागले. मग अनुदान मंजूर झाल्याचं कळलं. दोन्ही वाखांचे निकाल वेगवेगळे लिहून पाठवा, असंही त्यात सांगितलं होतं.

खुडलेल्या अंबाडीच्या वाखाची फळी कमी जोराला मोडली. तिने तसंच लिहून पाठवलं. आता आखूड वाखाचं काय करता येईल, ते शोधण्यात ती आणि तिच्या पोरी गुंतल्या आहेत.

मी विमानात बसलेले नाही, बसायची हौसही नाही. पण तुमची लेक काय करते असं कोणी विचारलं, तर तिने ती बाजू कापू दिली नाही हे मी आधी सांगते. विमानाचं मग सांगते.