तव्यापाशी पुन्हा

कसब्यातल्या पोळी-भाजी केंद्रात एक बाई पोळ्या करायच्या. रोज भेटूनही नाव विचारायचं राहून गेलं. बांगड्या कोपरापर्यंत सारून त्या अशा झपाट्याने लाटायच्या की बघत राहावं.

मग त्यांची पाळी जायची वेळ आली. तव्यापाशी उभ्या राहिल्या की अंगातून वाफा निघायच्या, ब्लाउज भिजायचा. रात्री झोप नाही. शेवटी मालकांनी त्यांना पोळ्या बांधून द्यायला बसवलं. तिथेही त्यांचं सगळं लक्ष तव्याकडेच असायचं.

परवा गेले, तर त्या परत तव्यापाशी! पोळी टम्म फुगलेली.

"बरं वाटतंय आता?" मी विचारलं.

"एकदम! डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून गोळी सुरू केली, रोज एक. दोन हार्मोन्स आहेत म्हणे तिच्यात. दोनेक महिन्यांत वाफा थांबल्या, झोपही लागते."

मालक कुजबुजले, "अहो, गिऱ्हाइकांसमोर कशाला हे?"

"का? गिऱ्हाइकांत बायका नाहीत?"

रांगेतून दोन आवाज एकदम आले, "कुठे बसतात हो त्या डॉक्टर?"

त्यांनी हसत, मालकांनाही नीट ऐकू जाईल असा, पत्ता सांगितला.

त्या दोन आवाजांतला एक माझा होता.