केलगेरीच्या बोटीचे पितळी बोल्ट

१९९९ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि अख्ख्या धारवाडात माझ्यासारखा सुतार नाही असं मानून चालायचो. शाळा तिसरीपर्यंत. पण लाकडाला हात लावला की ते कुठल्या रानातलं ते सांगायचो.

बोटीचं काम त्याच्या दोन वर्षं आधीचं. केलगेरीच्या तळ्यात मासळीचा ठेका घेतलेला एक कन्नड माणूस होता, त्याची जुनी अल्युमिनियमची बोट. अशा बोटीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या आत, लाकडाची जाड फळी असते. मोटार तिच्यावर टांगतात. ती कुजली होती. उकरली तर भिजलेल्या पेंडीसारखी हातात आली. ठेकेदार त्याच्या कन्नडात म्हणाला, "मेस्त्री, बापलेक मिळून करा. दोन पावसाळे टिकली तर माझ्या बर्फाच्या गोदामाशेजारची शेड तुमच्या पोराला. टाकू दे वर्कशॉप."

पोरगा आयटीआय झालेला, हुबळीत दुसऱ्याच्या हाताखाली फिटर. त्या शेडवर त्याचा जीव जडला.

अळणावरहून जुना साग आणला. मापाला कापला, तीनदा जवसाचं तेल पाजलं. बोल्ट लावायची वेळ आली तेव्हा पोरगा म्हणाला, "अप्पा, पितळेचे नकोत. ओल्यात पितळ अल्युमिनियमला खातं. मी स्टेनलेसचे आणतो."

"खातं? पितळेला दात कधी आले रे?"

"आम्हाला शिकवलंय, अप्पा."

"माझ्या बापानं पाण्यातल्या कामाला जन्मभर पितळच वापरलं. तू भोकं पाड, साहेब. अक्कल माझ्याकडे राहू दे."

त्यानं भोकं पाडली. एक भोक केसभर इकडेतिकडे नाही. बारा पितळी बोल्ट मी माझ्या हातानं आवळले.

दुसरा पावसाळा सरला आणि ठेकेदाराचा निरोप आला. दोघंही गेलो. फळी ठणठणीत होती, वाजवून बघितली. पण प्रत्येक बोल्टाभोवती पत्र्याची पांढरी भुकटी झाली होती आणि मोटार एका अंगाला लोंबत होती.

"यार माडिद्रु इदन्न?" ठेकेदार ओरडला. कुणी केलं हे?

त्याच्याशी मी नेहमी कन्नडातच बोलायचो. पण गडबडलो की माझ्या तोंडून मराठी निघतं. "मगऽ..." एवढंच म्हणालो, पुढं काय सांगावं ते सुचेना म्हणून. कन्नडात मग म्हणजे मुलगा.

ठेकेदार पोराकडे वळला. "चार भोकं नीट पाडता येत नाहीत, आणि वर्कशॉप टाकायला निघालाय! बापाचं नाव घालवलंस की रे!" शेड विसर म्हणून तिथंच सांगून टाकलं.

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी बोटीच्या दोरीची गाठ बघत उभा. तोंडून निघालं ते चुकून निघालं, पण त्यानंतर गप्प बसलो तो समजून उमजून. एकसष्ट वर्षांच्या माणसानं काठावर दहा माणसांसमोर सांगायचं, की पोरगा बरोबर होता?

परत चालत निघालो.  वाटेत मळमड्डीला पोरगा थांबला आणि म्हणाला, "अप्पा, मला दोन्ही भाषा येतात." घरी आलाच नाही, तसाच हुबळीच्या बसला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा केलगेरीला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ठेकेदारानं चहा मागवला. "पोरं अशीच असतात, मेस्त्री. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," म्हणाला. मी चहा प्यालो. बाराही बोल्ट सोडवले, रुमालात बांधून घरी आणले आणि चिंच लावून घासले. एकालाही काही झालेलं नव्हतं.