पहिला काप

माझ्या मामाचं खारवलेल्या मांसाचं दुकान आहे. मागच्या खोलीत धुराची भट्टी, पुढे काउंटर, त्यावर काप काढायचं यंत्र. हॅम असो की सॉसेज, नव्या मालाचा पहिला काप मामा गिऱ्हाइकांसमोर स्वतः खायचा. डोळे मिटून सावकाश चावायचा, मग मान हलवायचा. ती मान हलल्याशिवाय विक्री सुरू होत नसे.

"जीभ आहे का तराजू?" शेजारचे शिंपीकाका चिडवायचे. आणि रांगेत पहिले तेच.

मग मामाचे पाय सुजू लागले. तपासण्यांत कळलं, दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झालीत. डॉक्टर म्हणाले, "उरलीत तेवढी सांभाळा, डायलिसिस लांबणीवर पडेल. पण हे खारं मांस बंद. चवीपुरतंही नको."

"म्हणजे सोनारानं सोन्याला हात लावायचा नाही!" मामा घरी येऊन म्हणाला.

पण गप्प बसेल तर तो मामा कसला! त्यानं बाजारातून कमी सोडियमचं मीठ आणलं आणि त्यात वेगळं सॉसेज बनवलं. सकाळी रांगेसमोर ऐटीत पहिला काप उचलला. तेवढ्यात मिठाचं रिकामं पाकीट नाचवत मामी आतून धावत आली. ती आहारतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलत होती.

"अहो, थांबा! तोंडात घालू नका!"

"अगं, यात मीठ कमी आहे."

"कमी कुठलं? सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलंय. तुमच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठलं तर हृदय बंद पडेल, म्हणाल्या बाई!"

काप ओठांशी होता. चरबी चकाकत होती, धुराचा वास दरवळत होता. मामानं आवंढा गिळला, तो मला स्पष्ट दिसला. मग त्यानं तो काप कागदावर ठेवला आणि मामीपुढे सरकवला.

"आजपासून तू खा. तू मान हलवलीस तर विकू."

मामीनं चावलं. चेहरा वाकडा केला. "कडवट आहे. टाकून द्या."

"मामा, ही तर तुमच्याही वरताण निघाली!" शिंपीकाका ओरडले. सगळं दुकान हसलं. मामा जरा उशिरानं हसला आणि सगळं सॉसेज कचऱ्यात ओतून आला.

परवाच्या तपासणीत आकडे होते तिथेच आहेत. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. मला मात्र आकड्यांपेक्षा मामाचं आश्चर्य वाटतं. आजही तो कोपरापर्यंत हात घालून मांसाला मीठ चोळतो, भट्टीजवळ उभा राहून धुराचा वास घेतो, काप काढतो आणि मामीच्या हातात देतो. ती चावत असते तेव्हा तो तिच्याकडे टक लावून बघतो, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवतो.