दिनूने न केलेली सही

दिनू गेल्याची बातमी मला रामसेवकने दिली आणि खरं सांगतो, आधी तेच झोंबलं. दिनू माझा सख्खा मावसभाऊ, माझ्याहून वर्षाने लहान. दाना ओली या एकाच गल्लीत आमची घरं, हाकेच्या अंतरावर. आणि सांगायला आला कोण, तर माझ्या नळ-पाइपच्या दुकानातून भांडून गेलेला हमाल! लंगडत पायरी चढला, "सेठजी, दिनू दादा नहीं रहे. सुबह चाय पीते-पीते..." म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मनात एवढंच आलं, की मी गेलो तर हा असा रडेल का? त्याला महिना झाला... उत्तर मला ठाऊक आहे, आणि तेच सहन होत नाही.

तरुणपणी आम्ही दोघे गावातल्या कारखान्यांच्या भागात, हजीऱ्याला, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. त्या मशीनने माझ्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली. तिसऱ्या दिवशी मालक रुग्णालयात आला, एका हातात फळांची करंडी, दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद. मी खाटेवरूनच भाव केला. त्याने म्हटलेल्या रकमेच्या तिप्पट पदरात पाडून घेतली आणि 'आता माझी काही मागणी उरली नाही' या ओळीखाली सही ठोकली. त्या पैशांतून दुकान उभं राहिलं. दख्खनेतून मराठी फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेलं आमचं घराणं. जखम मिरवायची, तिच्यासाठी अर्ज करायचा नाही, हे आम्हाला पाळण्यात शिकवलेलं. मी अर्ज केला नाही, सौदा केला, म्हणून आजोबांनी पाठ थोपटली होती.

दीड वर्षाने त्याच मशीनखाली दिनूचा उजवा पंजा आला. तोच मालक, तशीच करंडी, तसाच कागद. दिनूने फळं खाल्ली आणि सही केली नाही.

"अण्णा, मला भाव करता येत नाही रे," तो म्हणाला. "कायदा काय म्हणतो ते बघू."

"कायदा म्हणेल, पुढच्या तारखेला या."

"मग जाऊ की पुढच्या तारखेला. माझ्या हाताला आता काम कुठेय?"

कामगार न्यायालयात त्याने खरंच वर्षं घालवली. अपंगत्व किती ते ठरवायला सरकारी डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा मी सोबत होतो. आमच्यातला कुणीही अशा वेळी छाती काढून "काही नाही, चालतंय" म्हणाला असता. दिनूने सगळं सांगितलं. सदऱ्याची गुंडी लागत नाही, पोळीचा तुकडा मोडत नाही, पायजम्याची नाडी बायको बांधते. मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर एकेक गोष्ट लिहून घेत होते, आणि त्या लिहिण्यावरच त्याचे टक्के ठरले. मालकाला व्याजासकट भरपाई द्यावी लागली. माझ्या सौद्याच्या कितीतरी पट. भाऊबंदकीत लोक जमिनीवरून जळतात; मी हाताच्या टक्क्यांवरून जळलो.

वरून तो मला म्हणाला, "तुझ्या कागदाची कोर्टात नोंद झालेली नाही. तो टिकणार नाही. उशीर झालाय, पण अर्ज करून बघू." म्हणजे मी फसलो, हे मी चारचौघांत लिहून द्यायचं! मी त्याला हाकलून दिलं.

पुढे दर रविवारी सकाळी त्याच्या बाहेरच्या खोलीत माणसं जमू लागली. कुणाचं बोट गेलेलं, कुणाची कंबर. दिनू डाव्या हाताने त्यांचे अर्ज लिहायचा, डॉक्टरांसमोर खरं कसं सांगायचं ते शिकवायचा, एक पैसा घ्यायचा नाही. महाराज बाड्याच्या चौकातून आम्ही बरोबर चाललो की नमस्कार त्याला. मी एवढं दुकान केलं, मला फक्त उधारीवाले ओळखायचे, तेही तोंड चुकवून.

चार वर्षांपूर्वी ट्रक उतरवताना लोखंडी पाइप रामसेवकच्या पायावर पडले. मी चांगली रक्कम देऊ केली होती. तो रविवारी दिनूकडे गेला. सोमवारी दिनू दुकानात.

"अण्णा, भाव करू नकोस. पाय आहे तो."

"तू माझा भाऊ की त्याचा?"

"तुझा आहे म्हणून आधी तुझ्याकडे आलो. नाहीतर सरळ नोटीस पाठवली असती."

मी नोटीसच मागवली. हरलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही... शेवटपर्यंत नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी दिनूच्या बायकोचा, सुधाचा, फोन आला. "अण्णा, माणसं अजून येतात हो. त्यांना नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, मी येऊन सांगतो. खोलीत लेथवर काम करणारा एक खरादी बसला होता, हाताला ताजी पट्टी, शेजारी बायको. तिच्या हातात मालकाने दिलेला कागद. ती म्हणाली, "दादा ने हमारे जेठ को एक किस्सा सुनाया था. कोई बहुत होशियार आदमी था, अस्पताल के पलंग पर ही साइन कर बैठा."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं हा माणूस माझीच गोष्ट सांगून लोकांना शहाणं करत होता! सुधा हळूच म्हणाली, "नाव कधी घेतलं नाही त्यांनी."

खरादी म्हणाला, "फिर क्या हुआ उस आदमी का?"

मी डावा हात खिशातून काढला आणि टेबलावर त्याच्या पट्टीशेजारी ठेवला. "ये हुआ," मी ओरडलोच. "दुकान हुई, पैसा हुआ, और आज तक जल रहा हूँ. ला, कागज़ इधर दे. साइन नहीं करना है."

त्याने बायकोकडून कागद घेऊन माझ्या हातात दिला. पण बघत होता तो दिनूच्या रिकाम्या खुर्चीकडे.