पगार तेवढाच, हुकूम तिचा

इनेझ बाका. न्यू मेक्सिकोतल्या कुठल्याशा खेड्यातली, उंचीला जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी. मी तिच्यावर जितका जळलो तितका सख्ख्या भावावरही कधी जळलो नाही. सरळच सांगतो, आडपडदा कशाला!

त्या उन्हाळ्यात मोहावीच्या वाळवंटात चारी दलांचा एकत्र सराव होता आणि आम्ही चौघं एका तंबूतल्या स्वयंपाकघरात. मी आर्मीचा स्पेशालिस्ट हॅस्केल, ती मरीनची कॉर्पोरल, शिवाय नेव्हीचा पेटी ऑफिसर लिंडक्विस्ट आणि एअर फोर्सचा सीनियर एअरमन प्रुइट. चौघांची श्रेणी एक, पगार एक. पण मान? मरीनमध्ये कॉर्पोरल झालं की माणूस पुढारी झाला, समारंभाच्या निळ्या पँटला लाल पट्टी लागली. नेव्हीतही पेटी ऑफिसरला चार लोक विचारतात. प्रुइटला त्यासाठी अजून एक पायरी चढायची होती. आणि मी? आर्मीत त्याच पगारात दोन तऱ्हा. कॉर्पोरल केलं तर हाताखाली माणसं, नाहीतर स्पेशालिस्ट, म्हणजे काम कर आणि गप्प बस. कॉर्पोरलच्या त्या दोन फितींसाठी मी तीन वर्षं जीव टाकत होतो. स्वयंपाकघर कोणाच्या हाती द्यायचं हे ठरायची वेळ आली, तेव्हा स्टाफ सार्जंट मॅबरी, तेही आमच्याच आर्मीचे, म्हणाले, "बाका बघेल."

"सार्जंट, मी तिच्याआधी दोन वर्षं या श्रेणीत आलोय."

"ठाऊक आहे रे. पण ती कॉर्पोरल आहे."

झालं. विषय संपला.

आणि बाई कामाची निघाली, याचाच जास्त राग! पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. पातेली स्वतः घासायची. लिंडक्विस्टची बायको घरी बाळंत झाली, तो फोनला चिकटलेला, तर त्याची पाळीही हीच करायची. हिरव्या मिरच्या भाजून त्या बेचव अंड्यांत घालायची. शिपाई विचारायचे, "आज बाकाच्या हातचं आहे ना?" मी तिथेच डाव घेऊन उभा, पण माझा हात कोणाला दिसतोय!

"काय कॉर्पोरलबाई, आज काय हुकूम?" मी टोमणा मारायचो.

"कांदे चीर, हॅस्केल. रडायला निमित्तही मिळेल तुला."

सगळे खिदळायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अकराव्या दिवशी मी पहाटे तिच्याही आधी उठलो. मांस ठेवायच्या थंड गाडीचं इंजिन बंद पडलं होतं. दारावरचा तापमानाचा काटा पार तांबड्यात. आत दुपारच्या सॅलडची शिजवलेली कोंबडी. तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. पण मनात आलं, सातला सार्जंटची तपासणी आहे. बघू दे त्यांना. बसू दे बाईला चारचौघांत बोलणी. एवढंच, देवाशपथ एवढंच. मी परत जाऊन बुटांचे बंद बांधत बसलो.

सार्जंट नेमके त्या दिवशी उशिरा, दहाला आले. तोवर लिंडक्विस्टने डिझेल घालून इंजिन चालू केलं होतं. आत्ताच बंद पडलं असेल, असं त्याला वाटलं. काटा जागेवर आला होता. बाकाने तो पाहिला आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

मी बोलू शकत होतो. पण मग सगळे विचारणार, तेव्हाच का नाही बोललास? म्हटलं, सही तिची आहे, ती बघेल. मी कोण? साधा स्पेशालिस्ट.

दुपारी सॅलड वाढलं. पुढारी शेवटी जेवतो, ही आमची सगळ्या दलांची रीत. बाका शेवटी जेवली. मी जेवलोच नाही.

संध्याकाळपर्यंत एकतीस जण ओकत होते, बाकाही. दोघांना हेलिकॉप्टरने हलवलं. सगळे वाचले, नशीब.

चौकशीत मॅबरींनी विचारलं, "गाडी बंद होती हे कोणाकोणाला माहीत होतं?" लिंडक्विस्टने खरं काय ते सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मला नव्हतं, सार्जंट." बाका समोरच बसली होती, तोंड पांढरंफटक. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "सही माझी आहे. मांसात थर्मामीटर खुपसून बघायला हवं होतं, मी नुसता काटा बघितला. माणसं माझी, चूक माझी."

मरीनवाल्यांनी तिची एक फीत उतरवली. लाल पट्टीही गेली. सराव अजून नऊ दिवस चालायचा होता, स्वयंपाकघराला कोणीतरी हवं होतं. मॅबरींनी मला बोलावून माझ्या छातीवर दोन फिती लावल्या. "उशीरच झाला रे," म्हणाले.

ती सामान बांधत होती. मी मुद्दाम तिकडून गेलो, फिती दिसाव्यात म्हणून. हो, तेव्हासुद्धा!

"अभिनंदन, कॉर्पोरल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्या दुपारी तू जेवला नव्हतास. कोण राहिलंय ते बघूनच मी ताट घेते."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा तू माझा माणूस होतास ना रे." बॅग उचलून ती निघून गेली.

आता माझ्या हाताखाली चार जण आहेत. त्यांच्यातला एक जरी माझ्याशी असा वागला, तर मी त्याला त्याच घटकेला सार्जंटसमोर उभा करीन, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून बाकावर मी अजून जळतो, पूर्वीपेक्षा जास्त.