खोटी रजा

पुण्याहून इंदूरला आलो तेव्हा आपल्याला माणसं जोडायला वेळ लागत नाही, असा माझा समज होता. सायबर सुरक्षेचं काम, हाताखाली पाच जण. दुपारी सगळे माझ्याच टेबलाभोवती डबे उघडायचे आणि कुणाच्या घरची शेव चांगली यावर भांडायचे.

मग एका ग्राहकाच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि दोन महिने कुणाला सुट्टी मिळाली नाही. टीम पार पिचून गेली होती, ते मला दिसत होतं. पण मी पडलो शहाणा! थकलेला माणूस चुकतो, म्हणून यांना सावध ठेवायला हवं, असं मी ठरवलं. आमच्या धंद्यात लोकांना मुद्दाम खोटा मेल पाठवून पारखतात. त्यातली लिंक दाबली की पडद्यावर येतं, ‘तुम्ही फसलात.’ तो प्रयोग मी माझ्याच माणसांवर केला. विषय लिहिला, ‘चार दिवसांची रजा मंजूर’.

चौघांनी मेल ओळखला. फसली ती आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी. खंडव्याला तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला जाता आलं नव्हतं. विषय वाचल्यावर तिने लिंक दाबायच्या आधी घरी फोन लावला होता, “मम्मी, येतेय मी.”

तिच्या शेजारी बसणारा मला म्हणाला, “सर, ये गलत किया आपने. हिच्यासोबत तरी असं नव्हतं करायचं.”

दुसऱ्या दिवसापासून डबे खालच्या कँटीनमध्ये गेले. कामाचं विचारलं की उत्तर मिळायचं, बाकी शुकशुकाट. या शहरातल्या माझ्या पहिल्या रविवारीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आठवडाभर साहेबांशी भांडून मी खरीच रजा मिळवली आणि सगळ्यांना मेल केला. दुपारपर्यंत एकानेही तो उघडला नाही. तिने तर नियमाप्रमाणे तो ‘संशयास्पद’ म्हणून कळवला. ती तक्रार माझ्याकडेच आली.

शेवटी सही-शिक्क्याचा कागद घेऊन मी तिच्या जागेवर गेलो. माफी मागितली. तिने कागद दोनदा वाचला, उलटा करूनही पाहिला.

“थँक्यू सर. उद्या सकाळच्या बसने निघते.”

“आईला फोन कर ना आत्ताच,” मी म्हणालो.

“नको सर,” ती म्हणाली. “आता घरी पोचल्यावरच सांगेन.”