ओली पट्टी

टाक्यांवर पट्टी बांधून मी पाठ वळवली, तेवढ्यात गिरगावच्या आजींनी पिशवीतून तांब्याचा गडू काढला आणि सुनेच्या पोटावरच्या त्या पट्टीवर गंगाजल शिंपडलं. मग खाटेच्या दांडीवर. तिथे माझा हात टेकला होता.

"राग मानू नकोस हो," त्या म्हणाल्या. "तुझं आडनाव विचारून घेतलं मी."

मी परळच्या इस्पितळातली शिकाऊ नर्स. वडील गिरणीत. आम्ही नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. सून माझ्याच वयाची, पोट चिरून मूल काढलेलं.

आम्हाला पहिल्याच महिन्यात घोटून शिकवलं होतं: कोरडी पट्टी जंतूंना अडवते, ओली पट्टी वाट देते. मी कोपरापर्यंत हात घासले होते. चिमटा उकळला होता. सगळं त्या चार थेंबांत बुडालं.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हातारं माणूस आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मी जंतूंचं बोलत होते. त्यांना फक्त माझा अपमान दिसला. आणि अपमान गिळायची मला सवय होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गडू निघाला. मी गप्प.

तिसऱ्या दिवशी सुनेला सणकून ताप. पट्टी सोडली. टाके लाल, खाली पू.

मोठ्या सिस्टरनी अख्ख्या वॉर्डासमोर मला विचारलं, "हात धुतले होतेस, की घरच्यासारखंच?"

खिडकीखालून मोर्चा चालला होता. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. त्यात आजींचा मुलगा होता. माझे वडीलही होते.

मी जखम साफ केली. नवी पट्टी बांधली. आजींचा हात गडूकडे गेला. मी मनगट धरलं. कामाखेरीज जन्मात पहिल्यांदा कुणाला मुद्दाम शिवले.

"आजी, विटाळ माझ्या हातात नाही. जंतू या पाण्यात आहेत. ही मरेल."

आजी हात ओढत राहिल्या. खाटेवरून सून माझ्याकडे बघत पुटपुटली, "सोडू नका त्यांचा हात, सिस्टर."

गडू पिशवीत परत गेला तेव्हाच मी हात सोडला. मग वॉर्डाच्या वहीत लिहिलं: पट्टी दोनदा ओली केली गेली. पहिल्या दिवशी मी सांगितलं, कुणी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गप्प राहिले.

"पान फाड," सिस्टर म्हणाल्या.

"नाही."

खाली पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.

सुनेचा ताप तेव्हा उतरला नव्हता. ती जगेल का, मला ठाऊक नव्हतं. एवढं ठाऊक होतं की त्या पुवात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे. तो पुन्हा असणार नाही. तुमचं सोवळं तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. जखमेपाशी आणलंत, तर मी हात धरीन.